वासुदेवदादांच्या पाकिटावरचा ठसा

पूर्वाचं लग्न २०१५ साली झालं, तुळशीचं लग्न आटोपल्यावर लगेच. पूर्वा म्हणजे माझी शेजारीण मंगला हिची एकुलती एक मुलगी. आम्ही छत्रीबागेत एकाच गल्लीत राहायचो. मंगलाचे यजमान प्रतापराव लोकांचं टपाल रवाना करायचं काम करत. पतपेढ्या, शाळा, बियाण्यांच्या कंपन्या यांची पाकिटं त्यांच्या घरी यायची, खालच्या खोलीत तिकिटाऐवजी त्यांवर मशीनचा लाल ठसा उमटायचा आणि गठ्ठे पोस्टात जायचे. शाळेतून रिटायर झाल्यावर वेळ जावा म्हणून मी तिथे पत्ते चिकटवायला बसू लागले होते.

त्यांचं आधीचं मशीन शिक्क्यासारखं दाबून छापायचं. पाकीट जरा जाड आलं की ठसा अर्धाच. नवीन मशीन घेतलं त्या वर्षी प्रतापराव येईल त्याला ते दाखवायचे. वरची पट्टी पक्की, जागची हलत नाही. खालची चाकं स्प्रिंगवर, ती पाकीट उचलून पट्टीला टेकवतात. पाकीट पातळ असो की जाड, त्याचं तोंड शाईपासून तेवढ्याच अंतरावर येतं. शाई बारीक फवाऱ्यानं पडते, दाबावं लागतच नाही.

मंगलाचे थोरले भाऊ वासुदेवराव जवळच्या हातोद गावाहून एकदा आले, तेव्हा त्यांच्यासमोर प्रतापरावांनी आधी पोस्टकार्ड घातलं, मग फुगलेलं लांब पाकीट.

"बघा वासुदेवजी, आहे काही फरक?"

"नाही बुवा. चुकतच नाही म्हणता?"

"चुकेल कसं? माणूस थोडंच आहे ते!"

वासुदेवराव खूप हसले होते. त्यांचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

मग पूर्वाचा साखरपुडा झाला. व्याह्यांची सरबराई करण्याच्या गडबडीत मामाला मानाचं उपरणं द्यायचं राहून गेलं. या घरांचे पूर्वज होळकरांच्या फौजेतले. फौज गेली, मान राहिला. वासुदेवराव न जेवता हातोदला परत गेले.

लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, तेव्हा मंगला म्हणाली, "अहो, दादाला हातात अक्षत देऊन यायला हवं. मामाला कोणी पोस्टानं बोलावतं का?"

"बाकी सगळ्यांना पोस्ट चालतं, यांनाच कसं नाही? गेलो तर परत तेच रुसणं, परत तेच मनवणं. माझ्याकडे टाइम नाही, मंगला."

"मग मी जाते एकटी."

"एकटी गेलीस तर ते आधी विचारतील, आमचे जावईबुवा का नाही आले. अजूनच बिघडेल."

हे मात्र खरं होतं. मंगला पाकिटं भरायला बसली.

पत्रिकांच्या पाकिटांत तांदूळ घालू नका, असं प्रतापरावांनी घरात बजावलं होतं. पाठीमागे कुंकवाचं एक बोट, बस. पण भावाच्या पाकिटात मंगलानं अक्षतांची पुरी मूठ घातली, आणि पत्त्याच्या बाजूला चारी कोपऱ्यांवर हळदकुंकू लावलं. हातात देता येत नाही, तर निदान पाकिटात तरी. ते बंद करून, उभं धरून ती खाली घेऊन आली. दाणे सगळे एका कोपऱ्यात जमले होते.

मी हातात घेऊन पाहिलं. म्हटलं, "प्रतापराव, याला डिंकाची पट्टी काढा." फार ओबडधोबड पार्सल असलं की ते डिंकाच्या पट्टीवर ठसा काढून वरून चिकटवायचे.

"घरच्या पत्रिकेला पट्टी? ठिगळ दिसेल, ताई. जाडी तर चालते ना याला."

जाडी चालायची. पण एका जागी टेंगूळ आणि बाजूला खळगा असला, तर चाकं तरी काय करणार? पाकीट टेंगळावर मशीनच्या वरच्या पट्टीला टेकलं आणि बाकीचा भाग खालीच, शाईपासून लांब राहिला. प्रतापराव तेव्हा फोनवर मंडपवाल्याशी भांडत होते. पाकीट निघालं तसंच त्यांनी गठ्ठ्यात सारलं, आणि गठ्ठा पोस्टात गेला.

त्यानंतर मंगलानं भावाला फोन केले. त्यांनी एकही उचलला नाही.

"रुसलेत," प्रतापराव म्हणाले. "लग्नाला येतात की नाही बघ. भाचीला मामा बोहल्यावर आणणार नाही, असं होतं का कधी?"

लग्नाच्या दिवशी मंगला दारातल्या दारात घुटमळत होती. एखादी गाडी थांबली की मान वर करायची. गुरुजींनी "मुलीच्या मामांना बोलवा" म्हणून दोनदा आवाज दिला. शेवटी मंगलाच्या एका चुलतभावाला पुढे केलं. त्यानं सगळं व्यवस्थित केलं बिचाऱ्यानं. पूर्वानं मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनीच विचारलं, "मामा?"

लग्नानंतरची सत्यनारायणाची पूजा झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात ते पाकीट परत आलं. उघडलेलं नव्हतं. वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल फराटा होता, कुंकवाचं बोट पुसलं गेलंय असंच वाटावं. आकडा नाही, तारीख नाही. पोस्टानं बिनतिकिटाचं धरून बैरंग केलं होतं, म्हणजे पैसे घेणाऱ्यानं भरायचे, आणि घेणाऱ्यानं ते नाकारलं होतं.

त्याच दुपारी आम्ही तिघं हातोदला गेलो. वासुदेवराव ओट्यावर बसले होते.

"दादा, मशीनची चूक झाली रे," मंगला रडत म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे नाही, प्रतापरावांकडे पाहिलं. "मंडीत चार लोकांसमोर पोस्टमन म्हणाला, काकाजी, बैरंग है, पैसे लगेंगे. म्हटलं, कुठून आलंय? तर बहिणीकडून. कुंकू लावलेलं! लोक हसले."

"वासुदेवजी, शपथ घेतो—"

"तुम्हीच म्हणाला होता ना, पातळ असो की जाड, ते चुकत नाही? सगळ्या गावाचा ठसा बरोबर उमटतो, आणि माझ्याच पाकिटावर चुकतो? मला कशाला शिकवता, भिया!"

तांदळाचं टेंगूळ, खालची चाकं, प्रतापराव काय सांगणार होते? स्वतःच इतक्या वेळा उलटं सांगून ठेवलेलं. मंगलानं पाकीट फोडून अक्षता भावाच्या पुढ्यात ओतल्या. ते उठून आत गेले.

पूर्वा आता पुण्यात असते. तिच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका मोबाइलवर आली. टपाल कमी होत गेलं तसं प्रतापरावांनी मशीनचं लायसन्स परत केलं. मंगला आणि ते आता सुदामा नगरला, मुख्य रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये राहतात. मीही तिकडेच आले.

मंगला दर भाऊबीजेला हातोदला जायची. पहिल्या वर्षी वासुदेवरावांनी दार उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी ओवाळून घेतलं, पण बोलले नाहीत. नंतर थोडं बोलायचे, पीकपाण्याचं. तिच्या घरी मात्र कधी आले नाहीत. प्रतापराव तिला गाडीनं न्यायचे आणि बाहेर गाडीतच बसायचे. आतून बोलावणं येईल म्हणून काच खाली ठेवायचे.

२०२१ साली वासुदेवराव गेले. त्या दिवशी प्रतापराव पहिल्यांदा त्या घराच्या आत गेले.