जोडीतलं मत

टरफलं होती, बिया नव्हत्याच. खोकल्याच्या गोळ्यांच्या चपट्या डबीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, मधोमध चिरलेली, एकात एक बसलेली — म्हणजे बाबांनी इथं, या सभागृहात, कुणाची तरी भाषणं चालू असताना बिया फोडल्या होत्या आणि टरफलं टाकायला उठायचा संकोच वाटून... की टाकायचीच नव्हती? मारितनं डबी कानाशी नेऊन हलवली. काहीतरी वाळकं, हलकं सरकलं. घरी ते टरफलं सरळ अंगणात थुंकायचे, आई ओरडायची, आणि ते म्हणायचे, हाल्वर स्टेनरूडच्या अंगणात हाल्वर स्टेनरूड नाही थुंकणार तर काय गव्हर्नर येऊन थुंकणार? इथं मात्र डबी. इथं झाकण.

हा इथला माणूस कोण होता?

सभागृह अजून भरायचं होतं. बाबांच्या मेजावर सहकाऱ्यांनी बरणीत गव्हाच्या ओंब्या ठेवल्या होत्या, बरणीच्या गळ्याला काळी फीत. रिकाम्या जागेवर अजून कुणाची नेमणूक झालेली नव्हती, पण खण मोकळा करायला तर हवा, म्हणून ती उत्तरेकडच्या गावातून पहाटे निघून राज्याच्या राजधानीत, हेलेनाला आली होती, बर्फ बाजूला सारलेल्या रस्त्यानं, एकटी. दर एक वर्षाआड जानेवारीत बाबा असेच निघायचे आणि पेरणीच्या तोंडावर परत यायचे, थोडे जाडे होऊन, खोकत, नव्या विनोदांची पोतडी घेऊन. दुसऱ्या मुलींचे बाप तेलाच्या विहिरींवर जात, तिचा कायदे करायला जाई, आणि कायदे करणं म्हणजे नेमकं काय करणं हे तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं, कारण जेवणाच्या टेबलावर ते जे काही म्हणत त्याच्या उलट म्हणण्यातच तिचं सगळं बळ खर्च होई. गावच्या शाळेत ती ग्रंथपाल होती. रोमच्या सिनेटमध्ये कोण कुठं बसत असे हे तिला ठाऊक होतं, बाप कुठं बसतो हे आज कळलं — तिसरी रांग, खांबाजवळ, वारा लागणार नाही अशा बेतानं.

"टरफलं मोजतेयस की काय?"

मागं नेड्रा कोवासिच उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलकट कागदाची पुडी. ब्यूटच्या खाणकामगारांच्या वस्तीतून वर्षानुवर्षं निवडून येणारी, विरुद्ध पक्षाची, बाबांच्याच वयाची. बाबा घरी तिला 'खाणवाली' म्हणत. अंत्यविधीला ती अगदी मागच्या बाकावर बसली होती आणि कुणाशी न बोलता निघून गेली होती.

"पेस्टी आहे, खा. तुझ्या बापाला आवडायची. म्हणजे खाताना शिव्या द्यायचा, मिरी नाही, मीठ नाही, आणि चुरासुद्धा सोडायचा नाही."

"उकडलेले मासे खाणाऱ्यानं मिरीबद्दल बोलावं!" मारितच्या तोंडून निघून गेलं.

"अगदी हेच म्हणायचे मी त्याला." नेड्रा बाबांच्या खुर्चीत बसली, सरावानं, जणू ती खुर्ची तिच्याही मालकीची होती. "बस पोरी. घंटा व्हायच्या आत माझं तुझ्याशी एक काम आहे."

मग तिनं सांगितलं. तिचं विधेयक आज शेवटच्या मताला येत होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी दर दोन वर्षांनी गाडी चालवून दाखवायची, नाहीतर परवाना जमा करायचा. राज्यभर त्याला 'म्हाताऱ्यांचं विधेयक' म्हणत होते. बाबा कडवे विरोधक. 'शहरात गाडी गेली तर बस असते, आमच्याकडे गाडी गेली की माणूस गेला,' हे त्यांचं वाक्य वर्तमानपत्रातही छापून आलं होतं. आणि मारित... मारित विधेयकाच्या बाजूची होती. पुस्तकं वाचून नव्हे. गेल्या शरदात धान्याच्या कोठारापाशी रस्ता वळला आणि बाबा वळले नाहीत. पिकअप सावकाश, अगदी सभ्यपणे, कापलेल्या गव्हाच्या खुंटांत शिरली आणि थांबली. मी शेजारीच बसले होते, तिला आठवलं. मी किंचाळलेसुद्धा नाही, इतकं ते संथ होतं. बाबांनी इंजिन बंद केलं, समोर बघत राहिले, आणि म्हणाले, 'इकडून जवळ पडतं.' मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की त्यांचे हात स्टिअरिंगच्या चाकावरून निघत नाहीयेत.

"या विधेयकावर आम्ही जोडी लावली होती," नेड्रा सांगत होती. "जोडी म्हणजे ठाऊक आहे ना? एक जण येऊ शकत नाही, तर समोरच्या बाजूचा एक जण आपणहून मत देत नाही. त्याचा नकार, माझा होकार, दोन्ही कडेला ठेवायचे. म्हणजे घरी बसलेल्याचंही मत वाया जात नाही."

"स्वतःच्याच विधेयकावर तुम्ही..."

"तेव्हा माझ्याकडे माणसं भरपूर होती ग! नंतर दोघं फुटले. आता बरोबर समसमान आहे, आणि समसमान म्हणजे पडलं. माझं एक मत पडलं की विधेयक तरलं." तिनं काठीची मूठ चोळली. "सभापती म्हणतात, माणूस गेला, जोडी सुटली, तू मोकळी आहेस. पण मी शब्द सभापतींना दिला नव्हता."

"मग मला का विचारताय?"

"कारण त्याला विचारता येत नाही, बाई."

मारितनं पेस्टीचा कोपरा मोडला. करंजीसारखी जाड मुरड, आत मांस-बटाटा, खरंच अळणी. किती वेळा बाबांनी या खुर्चीत बसून हा अळणीपणा चावला असेल, त्या बाईशी भांडत भांडत, जिला हरवायला ते इतक्या लांबून यायचे... आणि अडचणीच्या वेळी आपलं मत सांभाळायला त्यांनी स्वपक्षातला कुणी शोधला नाही, शोधताही आला नसता. जोडीला समोरचाच लागतो. पण समोर तर निम्मं सभागृह होतं.

"त्यांनी तुम्हालाच का निवडलं?"

"ते मलाही कळलेलं नाही. आणि दुसरंही एक कळलेलं नाही." नेड्रा पुढं झुकली. "जोडी त्यानं मागितली केव्हा, सांगू? अधिवेशनाच्या पहिल्याच आठवड्यात. ठणठणीत होता. जिन्यावर माझीच काठी धरून मला वर ओढत होता. मी म्हटलं, म्हाताऱ्या, जोडी गैरहजर माणूस मागतो, तू कुठं चाललायस? तर म्हणाला, असेन कुठंतरी."

असेन कुठंतरी.

मारितनं ते वाक्य हातात घेऊन उलटसुलट केलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं... छातीतलं हृदयाचं यंत्र थकलंय हे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळलं होतं, आणि आपण नसू तेव्हाही आपला नकार जिवंत राहावा म्हणून तो त्यांनी या सभागृहातल्या सगळ्यात सच्च्या शत्रूकडे ठेव म्हणून ठेवला. तसं असेल तर आज नेड्राला मोकळं करणं म्हणजे त्यांच्या मागं त्यांनी लावलेली कडी काढणं. किंवा... किंवा अगदी उलट. गव्हाच्या खुंटांत गाडी घालून आलेला माणूस तो; चाकावरून हात निघत नव्हते तो; त्याला या प्रश्नावर नकाराचं लाल बटण दाबणं जड जात होतं आणि होकाराचं हिरवं दाबणं शक्य नव्हतं, मतदार काय म्हणतील, स्वतःचं कालचं वाक्य काय म्हणेल! म्हणून त्यानं मत देण्यातूनच सुटका मागितली, धडधाकट असताना, त्या दिवशी कुठंतरी असायचं ठरवून. तसं असेल तर नेड्राच्या मतानं कुणाचाच शब्द मोडत नाही.

एकच वाक्य, आणि त्यात दोन बाप. कुठल्या बापाची मी मुलगी?

"ते तुम्हाला गाडीबद्दल कधी काही बोलले? शेतात गेली त्याबद्दल?"

"कुठल्या शेतात?" नेड्रानं भुवया वर केल्या. मारितनं मान हलवली, काही नाही. एवढी गोष्ट तरी तिच्या एकटीची होती.

"मग? सोडतेस मला?"

"त्यांच्या वतीनं मला बोलता येणार नाही," मारित म्हणाली. "मला ते कधीच जमलेलं नाही. माझं विचारत असाल तर, मत द्या."

"तुझं कोण विचारतंय?" नेड्रा खोकल्यासारखं हसली, पण नजर हसली नाही. काठी टेकत उठली. "बापासारखीच आहेस. विचारलं एक की सांगणार भलतंच." आणि आपल्या जागेकडे निघून गेली. होकार घेऊन, की नकार घेऊन, हे पाठीवरून समजेना.

प्रेक्षकसज्जाच्या जिन्यात डेल ओस्टबीनं तिला गाठलं. बाबांच्या पक्षाचा नेता, गुळगुळीत दाढीचा, अंत्यविधीला शवपेटीला खांदा देणारा.

"भेटली ना खाणवाली? मारित, एक ध्यानात ठेव, मेलेल्या माणसाला मत नसतं हे खरं, पण दिलेल्या शब्दाला थडगं नसतं."

"तुम्हाला बाबांचा शब्द राखायचाय, की विधेयक पाडायचंय?"

"एका दगडात दोन पक्षी मिळत असतील तर एक सोडून देऊ?" तो मोकळेपणानं म्हणाला, आणि तिला त्याचा राग आला नाही. उलट वाटलं, बाबा हेच म्हणाले असते आणि मी ताट सरकवून उठले असते. आता ताट कुणासमोर सरकवायचं? आयुष्यभर मी हो म्हटलं ते त्यांच्या नाहीसमोर ठेवून. ते गेले आणि माझं प्रत्येक हो टेकू काढलेल्या शिडीसारखं... नाही, शिडीसारखंही नाही. शिडी पडते तरी.

वरून सभागृह लहान दिसत होतं. माणसं पत्र्याच्या पेल्यातून कॉफी पीत होती, एक जण कानात काडी घालत होता, खांबाजवळची खुर्ची रिकामी. नेड्रानं भाषण केलं, थोडक्यात, आगगाडीचं वेळापत्रक वाचावं तसं. मग ओस्टबीचा एक माणूस उठला आणि त्यानं बाबांचं वाक्य म्हटलं, बस असते, माणूस गेला. त्याच्या तोंडी ते पोकळ वाजलं. असं नव्हे, मारितला वाटलं, असं नव्हतं ते. त्याच्या अलीकडे काहीतरी होतं... गावाकडची थोरली सिग्ने, जी दर रविवारी वीस मैल गाडी हाकत चर्चमध्ये बाजा वाजवायला येते, जिला बर्फापलीकडे दुसरं माणूस दिसतं ते फक्त त्याच दिवशी. तिच्याकडून परवाना घ्यायला कोण जाईल, कुठल्या तोंडानं? मुद्दा तयार होत होता, एकेक पायरी, बाबांच्या बाजूचा, पण बाबांनी कधीच न मांडलेला. त्यांच्यापेक्षा सरस. ती थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिली, परसात अचानक अनोळखी जनावर दिसावं तशी. तिला तो पटला नव्हता. तरी तो तिचाच होता.

घंटा झाली. भिंतीवरच्या फलकावर नावांपुढे दिवे उमटू लागले, हिरवे, लाल, भराभर, मग सावकाश, मग एखाददुसरा. कोवासिच या नावापुढे अंधार. खाली नेड्रा दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून बसली होती. वर बघत नव्हती.

"सर्व सदस्यांनी मत दिलं आहे का?" सभापतींनी विचारलं. सकाळपासून प्रत्येक विधेयकाला ते हेच विचारत होते, उत्तराची अपेक्षा नसलेल्या आवाजात. त्या एका नावापुढे दिवा लागावा असं मारितला वाटलं, आणि त्याच जोरानं, त्याच क्षणी, लागू नये असंही वाटलं. आणि या दोन्हींत कुठलं बाबांचं, कुठलं आपलं, हे तिला निवडता येईना, निवडायची घाईही वाटेना.

"कुणाला आपलं मत बदलायचं आहे का?" यानंतर फलक बंद व्हायचा.

नेड्राचा एक हात मुठीवरून निघाला. नुसता निघाला होता, बटण दाबायला असेल, चष्मा सारायला असेल, कशालाही असेल. मारित कठड्यावरून इतकी पुढे वाकली की शेजारच्या अनोळखी बाईनं तिचा कोट धरला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच पुढं काय होतंय ते तिला बघायचं होतं.