भोंबलचा बाप

आमच्या बागबाजारात माणसं भेटली की आधी पोटाची चौकशी करतात, मग घरच्यांची. पिशवी घेऊन बाजाराला निघालेला माणूस कोपऱ्यावर थांबून आज पोट साफ झालं की नाही ते सांगतो, आणि ऐकणारा मान डोलावून आपलं सांगतो. यात माझे यजमान निरापद कुंडू सगळ्यांच्या पुढे. आंबट ढेकर, जळजळ, गॅस, काही लपवायचे नाहीत. सकाळी उपाशीपोटी थानकुनीच्या पानांचा रस, जेवणानंतर ओव्याचा अर्क, आणि मध्ये जो भेटेल त्याला सगळा वृत्तांत. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझी चौकशी त्यांनी कधी एवढ्या आस्थेनं केली नाही.

त्यात भोंबल आला. गालिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात हे माशांसाठी काचेची टाकी आणायला गेले होते, आले ते टोपलीतलं पांढरं केसाळ पिल्लू घेऊन. विकणारा म्हणाला म्हणे, स्पिट्झ जातीचं आहे. मी म्हटलं, याचे आईबाप पाहिलेत का? तर म्हणाले, विकणाऱ्यालाच ठाऊक नाही, पहाटे कुणीतरी टोपली ठेवून निघून गेलं. तेव्हापासून मी त्याला बिनबापाचा म्हणूनच ओळखते. बापाचा पत्ता नाही आणि झोपायला पलंग.

कुत्रं मला आवडत नाही. आवडतं असं मी कधी म्हटलंही नाही. केस, वास, दारावरची नखं, सगळं मीच निस्तरायचं आणि शेपूट हलवायचं यांच्यासमोर. तरी चालवून घेतलं. पण दुर्गापूजा झाली आणि एका सकाळी न्हाणीघराच्या मोझॅइकवर मला रक्ताचे थेंब दिसले.

मी ओरडले. हे धावत आले, पाहिलं, आणि लगेच म्हणाले, "भोंबल आत शिरला होता. पोट बिघडलंय त्याचं."

भोंबल गारव्यासाठी न्हाणीघरात लोळायचा हे खरंच होतं. मी काठी घेऊन त्याला गच्चीपर्यंत पिटाळलं. जिना चढताना वळून वळून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

मग ते रोजचंच झालं. कधी थेंब, कधी नुसता डाग, कधी घाईघाईनं ओतलेल्या फिनेलचा वास. धुणं हे स्वतः करायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात चहाची कपबशी विसळली नाही तो बादली घेऊन उकिडवा बसतो, आणि तेही कुत्र्यासाठी! मला विंचू चावल्यासारखं व्हायचं. सासऱ्यांच्या आजारपणात याच माणसानं दारातून आत पाऊल टाकलं नव्हतं. ते गेल्यापासून तर दवाखान्याच्या वासानंही यांना घेरी येते.

"गुरांच्या डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं.

"तो सुया टोचतो. हरिसाधनबाबूंच्या गोळ्या चालू केल्यात."

"होमिओपॅथी? कुत्र्याला?"

"त्यांनी भट्टाचार्यांचा पोपट बरा केलाय."

"पोपट मेला त्यांचा!"

"नंतर मेला. आधी बरा झाला होता."

मग कुत्र्याचं पथ्य सुरू झालं. माझ्या स्वयंपाकघरात दोन पातेली चढू लागली. यांच्यासाठी मोहरी वाटून पाबदा मासा, आणि भोंबलसाठी कच्ची केळी न् पपई घातलेलं पातळ झोल, मऊ भात. त्याला एकट्याला जेवण जात नाही म्हणून हे आपलं ताटही त्याच्या वाडग्याबरोबर गच्चीवर न्यायला लागले. मी खाली टेबलाशी एकटी. भिंतीशी बोलत जेवायचं.

कालीपूजाही झाली. भोंबल पिंपासारखा फुगला आणि हे वाळले. पट्ट्याला नवी भोकं पाडून पँट आवळायचे. खालच्या मजल्यावरची पाक्राशी बाई जिन्यात म्हणाली, "बौदी, दादांना काय झालंय हो?" मी म्हटलं, "काय व्हायचंय, कुत्र्याची काळजी. माझ्या टायफॉइडच्या वेळी एक घास कमी खाल्ला नव्हता." तीही हसली, मीही हसले. पण ते मला आत लागलं होतं. मला त्या जनावराचा हेवा वाटत होता, खोटं कशाला बोलू.

शेवटी मी माझ्या भावाला फोन केला. कृष्णनगरला त्याची बाग आहे. म्हटलं, रविवारी गाडी घेऊन ये आणि ही ब्याद घेऊन जा.

हे ऐकून यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "नाही. कुत्रा जाणार नाही."

"का? एवढं काय अडलंय तुमचं त्याच्यावाचून?"

"अडलंय."

"मग मी जाते कृष्णनगरला. तुम्ही दोघं पुसत बसा एकमेकांचं."

"अगं, एकदा हरिसाधनबाबूंना नीट विचारतो. औषध बदलून देतील. एकच संधी दे."

"दिली. मीही येते. त्या भोंदूला दोन शब्द माझेही ऐकवते."

मी येऊ नये म्हणून त्यांनी खूप खटपट केली. गर्दी असते, वास असतो, तुझे गुडघे. मी चप्पल घातली.

हरिसाधन डाक्तारांचा दवाखाना म्हणजे गल्लीतली एक खोली. बाकावर पोट धरून बसलेली माणसं, कपाटभर बाटल्या, आणि टेबलामागे ऐंशीच्या घरातले डाक्तारबाबू. पडदा नाही, आडोसा नाही. एकाची तपासणी सगळा बाक ऐकतो. भोंबल टेबलाखाली जाऊन पसरला. डाक्तारबाबूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. होमिओपॅथीत रोगी बघत नाहीत, विचारत बसतात.

"बस बौमा," ते मला सूनबाई म्हणावं तसं म्हणाले. मग यांच्याकडे वळले. "हं, निरापद. सांग. रक्त आधी की नंतर?"

"नंतर. कधी कधी मिसळलेलं. काळपट."

"दुखतं?"

"डाव्या बाजूला. पिळल्यासारखं."

मी म्हटलं, "डावी बाजू कुणी सांगितली? भुंकला का तसा?" बाक हसला.

"बौमा, मध्ये बोलू नकोस. तहान?"

"घोट घोट पितो."

"खाण्यात काय आवडतं?"

"आवडायचं सगळं. आता तेलातुपाचा वास आला तरी मळमळतं."

"वा!" मी म्हटलं. "काल माशाचं डोकं कुणी फोडलं मग? गच्चीवरून आवाज आला मला."

डाक्तारबाबूंनी डोळे मिटले. "मनाचं सांग. भीती?"

"आहे."

"कधी?"

"पहाटे जाग येते तेव्हा. सगळे झोपलेले असतात. मग मोजत बसतो, आपल्यामागे घरात काय काय राहील ते."

बाकावरचा एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, "शहाणं कुत्रं आहे हो."

मी हसायला तोंड उघडलं होतं. हसू आलं नाही. यांचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि मनगटाचं हाड एवढं वर आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रोज समोर असणारा हात.

"वंशात कुणाला होतं?" डाक्तारबाबूंनी विचारलं.

"बापाला," हे म्हणाले. "त्यातच गेले."

"मग बरोबर. रक्तातच आहे," असं म्हणून डाक्तारबाबू बाटली काढायला वळले.

मी उठले. "डाक्तारबाबू, या कुत्र्याचा बाप कुणी पाहिलाय?"

त्यांचा हात कपाटात तसाच राहिला. टेबलाखाली भोंबल घोरत होता.

सासऱ्यांना असंच रक्त पडायचं. फार उशिरा नेलं, पोट उघडलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं. त्यांची चादर मी बदलायचे. तो रंग माझ्या ओळखीचा होता. तरी महिनाभर मी तो पाहिला आणि कुत्र्याला काठ्या मारल्या.

डाक्तारबाबूंनी यांच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग बाटली परत ठेवली. "हे माझ्या गोळ्यांचं काम नाही, निरापद. बौमा, याला मोठ्या हॉस्पिटलात ने. लवकर ने."

रस्त्यावर आल्यावर मी यांना भिंतीशी गाठलं. लोक बघत होते, बघू देत.

"गॅस झाला तर मासेवाल्याला सांगता! ढेकर आली तर पोस्टमनला थांबवून सांगता! आणि हे मला नाही सांगितलंत?"

"त्या गोष्टींनी माणूस मरत नाही," हे म्हणाले.

मला त्यांच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता आणि इतकी भीतीही वाटली नव्हती. दोन्ही एकदमच आलं, वेगळं करता येईना.

"माझं म्हणून सांगता येत नव्हतं," हे हळूच म्हणाले. "याचं म्हणून सांगता येत होतं. तो गेला असता तर मग रक्त कुणाचं म्हणून सांगणार होतो?"

"चला घरी," मी म्हटलं. "आणि त्याची साखळी माझ्याकडे द्या. तुम्हाला ओढतोय तो."

घरी आल्यावर आधी भावाला फोन केला. रविवारी नको, उद्याच सकाळी गाडी घेऊन ये, यांना हॉस्पिटलात न्यायचंय म्हटलं. मग नेहमीसारखी दोन पातेली चढवली. स्वयंपाक झाला तेव्हा हे सवयीनं ताट घेऊन गच्चीकडे निघाले.

"इथं बसा. टेबलाशी."

बसले. कच्च्या केळीचं झोल आणि मऊ भात मी यांच्या ताटात वाढला. पाबदा वाडग्यात घेतला, खाली फरशीवर बसले, काटे काढले आणि वाडगा भोंबलपुढे सरकवला. त्याला माझा भरवसा वाटेना. आधी काठी कुठं आहे ते पाहिलं, मग खाल्लं.

"मोहरी झोंबेल त्याला," हे म्हणाले.

"इतके दिवस झोंबली नाही ती आज झोंबणार?"

यांनी मान खाली घातली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग त्यांना वाटलं माझं लक्ष नाही, आणि भाताची मूठ गुपचूप टेबलाखाली गेली.

"हात वर," मी म्हटलं. "मला दिसेल असं खा."