सतरा पोरांची शाळा

"हात वर केलास की नाही, तेवढं सांग," अक्का म्हणाली. शेणाची पाटी तिने कमरेवरून खाली ठेवलीच नाही.

गुरुजी गोठ्याच्या दारात उभे होते. आमदार होऊन तीन वर्षं झाली, तरी गाव त्यांना गुरुजीच म्हणायचं.

"पक्षाचा आदेश होता, अक्का. सगळ्यांनीच केला."

"सगळ्यांचं मी नाही विचारलं. सगळ्यांना काय मी वाढवलं?"

"केला," गुरुजी म्हणाले.

आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच लोकांच्या रानात राबून त्यांना शिकवलं होतं. मग बावीस वर्षं ते गावच्या शाळेचे एकटे मास्तर. एकच खोली, दोन वर्ग भिंतीकडे तोंड करून, दोन दाराकडे. चौथीनंतर ओढ्यापलीकडच्या शाळेत जावं लागायचं, म्हणून पोरी घरीच बसायच्या. पाचवीच्या वर्गासाठी अर्ज करकरून गुरुजींची बोटं झिजली. शेवटी लोकच म्हणाले, "अर्ज किती करता? तिथंच जाऊन बसा की!" पक्षालाही डाग नसलेला माणूस हवाच होता. गुरुजींनी नोकरी सोडली, उभे राहिले, निवडून आले.

सभागृहात मागचं बाक मिळालं. पाचवीच्या वर्गाचा प्रश्न त्यांनी दर अधिवेशनात दिला. एकदाही पुकारला गेला नाही. आणि मग विधेयक आलं, वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा बंद करायचं. गुरुजींच्या शाळेत सतरा होती. ते बोलायला उठले, तर शेजारच्याने सदरा ओढून खाली बसवलं. "पुढचं तिकीट हवंय ना? मग आज गप बसा. वर्ग काय, नंतरही मागता येईल."

तेव्हा गुरुजींना ते पटलं होतं. अक्कासमोर नेमकं हेच बोलवेना.

"राजीनामा देतो मी."

"दिलास तर शाळा उघडेल?"

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

"मग कशाला देतोस? तुला बरं वाटावं म्हणून?"

तरी त्यांनी दिला. पेपरात चार ओळी आल्या. पोटनिवडणुकीत पक्षाने दुसरा उभा केला, तो आला. शाळेला कुलूप लागलं, फळा आणि बाकं ट्रॅक्टरवर घालून नेली.

गुरुजींनी अक्काच्या ओसरीवर वर्ग भरवला. पहिल्या दिवशी अकरा पोरं आली. मग हळूहळू आईबाप यायला लागले.

"गुरुजी, तुमच्या शिकवण्यात खोट नाही. पण शाळेचा दाखला कोण देणार?"

पोरगे सायकली घेऊन ओढ्यापलीकडे जायला लागले, पोरी घरकामाला लागल्या. उरली एकटी गुराख्याची पोर, तिसरीतली. अंगावर पोतं घेऊन भर पावसातही यायची.

एका सोमवारी ती आली नाही, मंगळवारीही नाही. गुरुजी शोधत निघाले. कांद्याच्या वाफ्यात बायकांच्या ओळीत वाकून ती रोपं खोचत होती, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. गुरुजी तसेच वाफ्यात उतरले.

"बाळा, गणितं अर्धीच राहिली तुझी."

"आई म्हणाली, आता रोज इथंच यायचं," ती म्हणाली. मग त्यांच्या पायांकडे बघून घाबरली. "गुरुजी, सरका ना. मुकादम मला बोलेल. रोपांवर उभे आहात तुम्ही."

गुरुजींनी चिखलातून पाय उपसला. ते बांधावर चढेपर्यंत पोर ओळीबरोबर बरीच पुढे गेली होती.