पिळलेला अंगठा

हातमोज्याचा तो अंगठा माझ्या मुलीने विणलेला नव्हता. पाकीट फोडून तो हातात घेतल्याबरोबर मला कळलं.

तीस वर्षं मी विणकामाचे वर्ग घेतले. कुणाचा हात कसा पडतो ते मला विणलेल्या चार ओळींवरून कळतं. मग पोटच्या पोरीचा हात मला ओळखू येणार नाही? ठकीचा हात सैल. ओळीतला शेवटचा टाका तर इतका सैल की त्यातून मांजर पलीकडे जाईल. लहानपणी किती मागे लागले होते, पण बाई सुईला शिवायच्या नाहीत. आणि लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, दोन महिन्यांपूर्वी, अचानक तिचा फोन. "आई, मला विणायला शिकव."

"आज सूर्य कुठल्या बाजूला उगवला?"

"टोमणे नको गं मारूस. शिकवतेस का नाही?"

ती राहते बसने सात तासांवर. फोनवरून काय शिकवणार, कपाळ? पण माझ्या वर्गात पुस्तक नसायचंच. हाताने विणलेली वस्तू घ्यायची, उलटी करायची, बोटाने टाके मोजायचे आणि तसाच तुकडा विणून बघायचा. म्हणून ठरलं की मी माझ्या हातची एकेक वस्तू पोस्टाने पाठवायची आणि तिने त्यावरून शिकून नमुना परत पाठवायचा. आधी मफलर गेला, नुसत्या सुलट टाक्यांचा. मग टोपी गेली, टाके कमी करत माथ्यापर्यंत कसं जायचं ते शिकायला. दोन्ही नमुने वेडेवाकडे आले, पण ठकीचेच होते. मग अंगठा शिकायला हातमोजा गेला. त्यानंतर पायमोजे जायचे होते, आणि त्यांची तिला भारी घाई. दर फोनवर एकच, "आई, टाच कधी शिकवणार?"

आणि आता हा अंगठा. सुई आत शिरणार नाही इतका घट्ट. शिवाय एकूण एक टाका पिळलेला. टाक्याला दोन पाय असतात. सुई पुढच्या पायात घालायची, मागच्या पायात घातली की पीळ पडतो. ठकीच्या हजार चुका होत्या, पण ही नव्हती.

मी लगेच फोन लावला.

"अंगठा तू विणलास?"

"मग काय शेजारच्यांनी विणला?"

"हात बरा आहे ना तुझा?"

"हो गं आई."

"कॅमेरा लाव, बघू दे."

"कॅमेरा बिघडलाय."

आवाज आडवं पडून बोलल्यासारखा येत होता. सकाळी अकरा वाजता! "जावईबापू कुठायत?" मी विचारलं. "कामावर," ती म्हणाली, आणि तेवढ्यात मागून पुरुषाचा खोकला ऐकू आला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

शेजारणीला अंगठा दाखवला. ती म्हणे, "दुकानातून विकत आणला असेल."

"इतकं वाईट काम कोण विकतं गं?" मी म्हणाले. ती हसली. मला हसू येईना.

मन चिंती ते वैरी न चिंती. हात मोडला असेल. कशाने मोडला? का कुणी मोडला? जावई प्लंबर आहे, मनगटं ही एवढाली, आणि बोलणं अगदी मऊ. मऊ बोलणाऱ्यांची मला पहिल्यापासून धास्ती. तिला सरळ विचारावं, तर ती मला खरं सांगत नाही. तो दोष माझा आहे, हे मी कुणाला सांगत नाही, पण आहे.

दोन वर्षांपूर्वी ठकीला दिवस गेले होते. चौथा महिना लागला आणि मी लगेच छोटं स्वेटर विणून पाठवलं. त्याच आठवड्यात सगळं संपलं. मी धावत दवाखान्यात गेले, तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "सांगत होते, जिने चढू-उतरू नकोस. ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती." उचलली जीभ लावली टाळ्याला. ठकी भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हापासून मला सगळं "छान" आणि "मजेत" एवढंच ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस पकडली. वाटेत पायमोजा विणायला घेतला. टाचेपाशी तीनदा मोजणी चुकली, तसा तो पिशवीत कोंबला. ती सापडेल ना, घरात असेल ना, दार कोण उघडेल, सात तास हेच.

तीन जिने चढून बेल वाजवली. दार जावयाने उघडलं. गळ्यात लोकर, हातात दोन सुया, आणि सुयांवर माझ्यासाठीचा पुढचा नमुना.

"आई! तुम्ही?"

"माझी मुलगी कुठाय?" मी त्याला बाजूला सारूनच आत गेले.

ठकी पलंगावर झोपली होती. पायांकडून पलंगाखाली दोन-दोन विटा लावलेल्या. मी आधी तिची दोन्ही मनगटं धरून उलटसुलट करून बघितली. धड होती. मग माझी नजर पोटाकडे गेली.

"पाचवा लागलाय," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात थोडं रक्त गेलं. बाळ ठीक आहे. पण तेव्हापासून डॉक्टरांनी उठू नका म्हणून सांगितलंय. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे."

"आणि एवढं सगळं मला..."

"तू म्हणाली असतीस, जिने का चढलीस."

जिन्याचा प्रश्न खरंच माझ्या ओठावर होता.

हळूहळू बाकीचंही कळलं. रक्त गेलं तेव्हा तिच्या हातात हातमोजाच होता, दहा ओळी झालेल्या. मागच्या वेळी स्वेटर, या वेळी हातमोजा. तिने जी सुई खाली ठेवली ती पुन्हा हातात घेण्याचा धीर होईना. नमुने थांबले असते तर मी विचारलं असतं. म्हणून जावयाने रोजची निम्मी कामं सोडली, घरी बसून हातमोजा उलटा केला, टाके मोजले आणि अंगठा विणला.

"एवढा घट्ट?" मी विचारलं.

"आई, आमच्या धंद्यात जोड सैल राहिला की गळतो," तो ओशाळून म्हणाला. "त्यात हिची धास्ती, म्हणून टाका आणखीच आवळला गेला."

या माणसाबद्दल मी बसमध्ये काय काय मनात आणलं होतं! माझी मलाच लाज वाटली.

मी राहिले. सकाळ-दुपार ठकीला काय हवं-नको ते बघायचं आणि मधल्या वेळात जावयाला टाच शिकवायची. पोर बुद्धीने चांगलं. पीळ एका दिवसात गेला. ठकी आढ्याकडे बघत पडून राहायची, लोकर जवळ आली की हात पांघरुणात घ्यायची. ती उठायची फक्त बाथरूमपुरती, आणि पुन्हा रक्त दिसलं नाही ना, म्हणून ती परत येईपर्यंत आम्ही दोघं दाराशी उभे असायचो. बघता बघता तपासणी उद्यावर आली.

त्या दुपारी पलंगाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं बाळाचे पायमोजे विणत बसलो होतो. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. टाके सारखेच घातलेले. जावई वाकून बघत होता.

"आई, रागावू नका, पण तुमचा हात घट्ट आलाय."

"माझा? मला शिकवता?"

त्याने दोन्ही पायमोजे पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले. माझा बोटभर लहान. तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. मी सुया खाली ठेवल्या.

"मला भीती वाटतेय गं ठकी. उद्याची. रोजची. त्या वेळीही भीतीच वाटत होती, आणि ती मी तुझ्या माथी मारली. जिन्याने काही झालं नव्हतं. तुझा काही दोष नव्हता. मी चुकले."

जावई उगीच लोकर गुंडाळायला लागला.

मग ठकीचा हात पांघरुणातून बाहेर आला. तिने माझा पायमोजा उचलला, बोटाने ताणून बघितला.

"हा माझ्या बाळाच्या पायात जायचा नाही," ती म्हणाली, आणि अर्धा पायमोजा तिने सरळ उसवला. टाके सुईवर परत घेतले. दोन टाके घालून थांबली, पोटावर हात ठेवून काहीतरी चाचपलं, पुन्हा विणायला लागली. आम्ही दोघं तिच्या हाताकडे बघत राहिलो. ओळ संपली. शेवटचा टाका भला मोठा सैल पडला.

"बरोबर आहे का गं?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर आहे," मी म्हणाले.