तेवीस ॲपचा पास

गंगाधर दातार यांनी एक जुलैपासून घरातल्या टीव्हीची नोंदवही सुरू केली. गेल्या वर्षी त्यांच्या पासष्टीला मुलगा शार्दूल आणि सून अश्लेषा यांनी तुंगार्लीच्या घरी वर्षभराचं इंटरनेट घेऊन दिलं होतं, आणि त्याच वर्गणीत तेवीस ॲप आली होती. ते वर्ष दोन ऑगस्टला, शनिवारी संपत होतं. पुढच्या वर्षाचं एकदम, स्वतःच्या खिशातून भरायचं होतं. नुसत्या इंटरनेटला महिना पाचशे, तेवीस ॲपसकट हजार. वरचे पाचशे कशाचे, हे दातारांना भरण्याआधी कळायला हवं होतं.

दातार छत्तीस वर्षं रेल्वेत होते. मळवली, कामशेत, शेवटी लोणावळा. स्टेशन मास्तर म्हणून त्यांनी प्रत्येक गाडीची वेळ मिनिटापर्यंत लिहिली होती आणि त्यांचा एकच नियम होता: नोंद नाही म्हणजे गाडी गेली नाही. त्याच नियमाने वहीत रकाने आखले गेले. तारीख, ॲप, कार्यक्रम, सुरू, बंद, पाहणाऱ्याचं नाव, शेरा. पाहणारे दोन: ते स्वतः आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनी, निवृत्त मुख्याध्यापिका.

तिसऱ्या पाहणारीचं नाव वहीत नव्हतं. तिला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

बाया गवारी तुंगार्ली धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतून रोज पाऊण तास चालत यायची आणि दातारांकडे स्वयंपाक करायची. तिची मुलगी निर्मला नागपूरला राज्याच्या महिला कबड्डी साखळीत खेळत होती. आठवड्यातून तीन-चार दुपारी सामने, रविवार सोडून. ते दाखवणारं ॲप एकच, टीव्हीवर खालच्या ओळीतलं हिरवं. वाडीत रेंज नव्हती, बायाचा फोन साधा होता, आणि लोणावळ्यात ओळखीच्या कुणाकडे ते ॲप नव्हतं. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानदारालासुद्धा विचारून झालं होतं.

दातार दुपारी दोनला जेवण आटोपून खुर्चीत बसत, जगभरच्या रेल्वेंवरचे माहितीपट लावत आणि वहीत लिहीत: सुरू, १४:०२. सव्वादोनच्या आत त्यांची मान कलायची. मग सामन्याच्या दिवशी बाया हात पुसत यायची, आवाज बंद करून हिरवं ॲप लावायची आणि खुर्चीच्या मागे उभी राहून मुलीचा सामना बघायची. सामना नसला की ती रेल्वे नुसती थांबवून ठेवायची. चारला पाच मिनिटं कमी असताना पुन्हा रेल्वे सुरू. दातार डोळे उघडत आणि लिहीत: बंद, १६:००. शेरा: समाधानकारक.

प्रमोदिनीबाईंना हे ठाऊक होतं. एकदा पाणी प्यायला बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पाहिलं आणि ‘बघ, बघ’ अशी खूण केली. बायालाही त्यांच्याबद्दल एक गोष्ट ठाऊक होती. दोघींनी ती विषयाबाहेर ठेवली होती.

निर्मलाचा संघ अंतिम फेरीत पोचला. सामना रविवारी, तीन ऑगस्टला, दुपारी साडेतीनला.

शुक्रवारी सकाळी धुकं अगदी खिडकीला लागलं होतं. चहाच्या वेळी दातारांनी वही उघडली. बाया दारापाशी लसूण सोलत होती.

“तेवीसपैकी वापरात तीन,” दातार म्हणाले. “माहितीपट: माझ्या एकोणतीस नोंदी, अठ्ठावन्न तास. शास्त्रीय संगीत: तुझ्या चोवीस नोंदी. बातम्या: किरकोळ. उरलेली वीस ॲप शून्य.”

“अठ्ठावन्न तास म्हणजे पुष्कळ झाले की,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “मग ठेवू या.”

“माहितीपट बघून संपत आले. मैफली तुला मोबाइलवर फुकट ऐकता येतील. तेव्हा परवापासून नुसतं इंटरनेट. वर्षाचे सहा हजार वाचले.”

प्रमोदिनीबाई कपाकडे बघत राहिल्या. बायाने त्यांच्याकडे बघितलं, मग लसणाची परात बाजूला सारली.

“मास्तर, त्या खालच्या हिरव्याला काय लिवलंय तुमी?”

“खेळांचं? शून्य.”

“शून्य न्हाई. पंधरा मॅची हायत.”

“कुणी पाहिल्या?”

“मी.”

“कधी?”

“दोन ते चार.”

“दोन ते चार मी पाहतो, बाया.”

“तुमी लावता. बघते मी.”

प्रमोदिनीबाईंना चहाचा ठसका लागला. दातारांनी वही मिटली नाही, पण पेन खाली ठेवलं.

“आणि त्या वेळी मी काय करत असतो?”

“घोरता.”

“मी डोळे मिटून ऐकत असतो.”

“मग त्या बर्फातल्या गाडीचं सांगा. म्हैना झाला, लाल गाडी बोगद्यात शिरती. भायेर कवा निघती?”

दातार उठले, टीव्ही लावला आणि माहितीपटांचं ॲप उघडलं. ‘पुढे पाहा’ अशी एक ओळ तिथे होती. प्रत्येक चित्राखाली किती भाग पाहिला त्याची लाल रेघ. पहिली बावन्न मिनिटांपैकी अकरा. दुसरी नऊ. तिसरी चौदा. त्यांनी आठ चित्रं तपासली. एकही रेघ अर्ध्यापर्यंत पोचली नव्हती. मग त्यांनी हिरवं ॲप उघडलं. पंधरा सामने, पंधरा पूर्ण रेघा.

छत्तीस वर्षांत त्यांच्यावर ड्युटीत झोपल्याचा शेरा एकदाही आला नव्हता. ते खुर्चीत बसले.

“चुकलं आसंल तर सांगा,” बाया म्हणाली. “पन निर्मलाची फायनल हाय परवा. म्हैनाभर बघितलं आन् शेवटचंच न्हाई बघायचं, आसं नका करू. म्हनून बोलले, न्हाईतर कशाला बोलते.”

“तुझं काही चुकलं नाही,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. शाळेत परिपाठाला उभ्या राहत तशा. “माझंही लिहून घ्या. संगीताच्या चोवीस नोंदी खोट्या आहेत. मी आत टॅबवर याच वर्गणीतली कोरियन मालिका बघते. हिंदीतून.”

“कोरियन?”

“एकशे बारा भाग झाले.”

“मुख्याध्यापिका असून?”

“निवृत्त. आणि त्यातला डॉक्टर फार सज्जन आहे हो. आईला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही.”

“मला बी सांगितलंय बाईंनी त्याचं,” बाया म्हणाली. “लगीन मोडलं त्याचं दोनदा.”

“तीनदा,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

दातारांनी पट्टी आणि लाल पेन मागवलं. रेल्वेत चुकीची नोंद खोडायची नसते. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, म्हणजे मूळ काय होतं ते दिसत राहतं. त्यांनी स्वतःच्या एकोणतीस आणि पत्नीच्या चोवीस नोंदींवर रेघा मारल्या. प्रमोदिनीबाईंनी आपल्या चोवीस सह्या केल्या. या कामाला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात लसूण सोलून झाला, पण बाया आत गेली नाही.

“सामना रविवारी,” शेवटी दातार म्हणाले. “वर्गणी शनिवारी संपते. पुढं तुझे सामने नाहीत. हिची मालिका संपत आली असेल.”

“चोवीस भाग राहिलेत.”

“आणि मी झोपतो. म्हणजे एका सामन्यासाठी नि चोवीस भागांसाठी वर्षाचे सहा हजार जास्त भरायचे. हे बसत नाही, बाया. तूच सांग.” ते चिडून बोलत नव्हते. त्यांना खरोखरच ते बसत नव्हतं.

“वर्साचं कशापायी?” बाया म्हणाली. “ठेसनावर इतकी वर्सं बसला ना तुमी? येकदा पुन्याला जायाचं तर मानूस पास काढतो का? तिकीट काढतो.”

दातारांनी तिच्याकडे बघितलं. महिन्याची वर्गणी असते का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. आयुष्यभर नोकरदारांना पास विकलेल्या माणसाला पास नेहमीच स्वस्त वाटत आला होता.

त्यांनी कंपनीला फोन लावला. बारा मिनिटं सतार ऐकली. मग पलीकडून एक मुलगी म्हणाली, “मासिक आहे ना सर. कधीही बंद करू शकता.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही पहिल्यांदाच फोन केलाय, सर.”

एका महिन्याचे हजार भरले गेले. “डॉक्टरचं काय ते ऑगस्टमध्ये उरका,” दातार पत्नीला म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी लगेच हिशेब केला. दिवसाला एक भाग पाहिला तरी आठवडा उरत होता.

रविवारी बायाची सुटी असे. तरी ती तीनलाच आली, नवी साडी नेसून. पर्यटकांच्या गाड्या धरणाच्या रस्त्यावर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत ती उतरली होती. तिचा नवरा शिदू कुसगावच्या हॉटेलात कामाला. शनिवार-रविवार त्याला हलता येत नसे. त्याने निरोप दिला होता की जिंकली तरच फोन कर, हरली तर घरी आल्यावर सांग.

बाया या वेळी खुर्चीच्या मागे उभी राहिली नाही. प्रमोदिनीबाईंनी तिला सोफ्यावर आपल्या शेजारी बसवलं आणि दातारांच्या हातातून रिमोट घेऊन आवाज मोठा केला.

“झोपू नका,” त्या म्हणाल्या.

“मी आज जेवलोच कमी आहे,” दातार म्हणाले. ते खरं होतं.

निर्मला राखीव खेळाडूंत बसली होती. पहिला अर्धा वेळ कॅमेऱ्यात ती दोनदा दिसली, एकदा पाणी पिताना आणि एकदा बुटाची नाडी बांधताना. दोन्ही वेळा बाया म्हणाली, “ती बघा.” मध्यंतराला संघ चार गुणांनी मागे होता. सात मिनिटं उरली असताना उजव्या कोपऱ्यातली मुलगी लंगडत बाहेर गेली आणि समालोचक म्हणाला, “आता मैदानात येतेय मावळची निर्मला गवारी.”

पंधरा सामने बायाने मुके पाहिले होते. मुलीचं नाव असं मोठ्यानं, नागपूरहून, कुणी परक्या माणसानं घेतलेलं ती पहिल्यांदा ऐकत होती. प्रमोदिनीबाईंनी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला, कारण तेवढ्यात चढाई सुरू झाली होती.

निर्मला पहिल्याच पकडीला लवकर झेपावली आणि बाद झाली.

“घाई!” बायाने कपाळावर हात मारला. “पयल्यापास्नं घाई! हिला थांबायला सांगितलं तर थांबती का?”

“येईल परत,” दातार म्हणाले. त्यांना नियम त्याच दिवशी कळले होते, पण ते समजावून सांगत होते. “आपल्याला एक गुण मिळाला की ती आत.”

“ठाव हाय मला,” बाया म्हणाली.

निर्मला परत आली. शेवटच्या तीन मिनिटांत तिने दोन चढाईवाल्या धरल्या, दुसरी तर मध्यरेषेपासून हातभर अंतरावर, एका घोट्याला लटकून. दातार खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले. चार गुणांचं अंतर एकावर आलं. मग शिट्टी वाजली. संघ एका गुणाने हरला.

चषक दुसऱ्यांनी उचलला. बायाने तेही शेवटपर्यंत बघितलं, कारण मागच्या रांगेत निर्मला डोळे पुसत उभी होती.

पाऊण तासाने बायाच्या साध्या फोनवर निर्मलाचा फोन आला. प्रमोदिनीबाईंनी स्पीकर लावून दिला.

“आये, हरलो गं.”

“ठाव हाय. बघितलं.”

“कुटं बघितलंस?”

“मास्तरांकडं. सोफ्यावर बसून. रडतीस कशाला? तो घोटा कसला धरलास! पन पयल्या वक्ताला घाई केलीस का न्हाई?”

“केली,” निर्मला म्हणाली आणि नाक ओढत हसली. “आये, मला जानेवारीच्या स्पर्धेला घेतलंय. आत्ताच नाव आलं. पयल्या सातात.”

“पयल्या सातात!” बायाने दोघांकडे बघितलं. “न्हंजे बाकावर न्हाई बसायची.”

दातार पुढे वाकले. “कोणत्या ॲपवर दाखवणार, ते विचार.”

निर्मलाने तिथल्या कुणाला तरी विचारलं आणि एक नाव सांगितलं. प्रमोदिनीबाईंनी रिमोट घेतला, वरपासून खालच्या ओळीपर्यंत तेवीस चित्रं तपासली आणि मान हलवली. त्यात ते नव्हतं.

“आये? नसलं तर राहू दे. मी सांगीन तुला सगळं.”

“तू काय सांगतीस? घाई केली तेवढं सांगशील व्हय?” बाया म्हणाली. “तू जेवून घे आदी. जानेवारीचं आमी हितं तिगं बसून काढतो मार्ग.”

तिने फोन ठेवला आणि लगेच शिदूला लावला. हरल्याचं तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.