एकाहत्तरचा एकतिसावा आठवडा

"काळ हाच एक प्रामाणिक पारखी. माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, पण जुनी वस्तू कधी खोटं बोलायची नाही."

हे वाक्य माझ्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने, वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात शिरता शिरता उच्चारलं. एवढ्या वजनदार वाक्याला बैठकही तशीच हवी, म्हणून तो समोरच्या खुर्चीत दणकन बसला. खालून काडकन आवाज आला.

"अगदी खरं," दुरुस्तीवाला म्हणाला. "फक्त आपण माझ्या चष्म्यावर बसलात."

दादा उठला. (मी त्याला दादाच म्हणतो, वयाने माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे, पण त्याग पाहता वीस वर्षांनी.) चष्म्याच्या काड्या शाबूत होत्या, काचा तेवढ्या गेल्या होत्या. दुसरा चष्मा घरी होता आणि घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुरुस्तीवाला भला माणूस. म्हणाला, "चालेल. लाकूड हाताला कळतं. बारीक अक्षर आलं तर कोणीतरी वाचून दाखवा म्हणजे झालं."

"मी वाचतो," दादा म्हणाला. "दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. मुंगीच्या मिशा मोजून देतो."

आम्ही चौघं आलो होतो. दादा, माझी बायको, माझ्या सासूबाई आणि ओझं उचलायला मी. ओझं म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांची, अप्पांची, स्टील गिटार. गिटार म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं काही हिच्यात नाही. पोट नाही, कंबर नाही. इस्त्रीच्या फळीला सहा तारा लावाव्यात तसं हे प्रकरण. मांडीवर आडवं ठेवायचं आणि तारांवरून पोलादाची कांडी सरकवत वाजवायचं. अप्पा पन्नास वर्षं दर रविवारी सकाळी तिच्यावर दोन धुना वाजवत. तिसरी अर्धी येत असे. त्या अर्ध्या धुनेच्या शेवटी जो रडका सूर लांबत जाई, तो ऐकून मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी केली होती.

अप्पा गेल्या वर्षी गेले. गिटार विकायची ठरली. जुनी वाद्यं जमवणारा एक गृहस्थ चांगली किंमत द्यायला तयार होता. त्याची अट एकच: या दुरुस्तीवाल्याने वाद्य तपासून त्याच्या वयाचा दाखला द्यावा. आमच्या घरातला इतिहास असा, की अप्पांनी ती लग्नाआधी, ब्रह्मचारी असताना घेतली; मग संसारात जागा नव्हती म्हणून एका मित्राकडे ठेवली, आणि दादा सतरा वर्षांचा असताना परत आणली. म्हणजे वय सत्तरीच्या पुढे. सत्तरीच्या पुढे गेलं की माणसाचा भाव उतरतो आणि गिटारचा चढतो.

दादाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दादा ती स्वतःच सांगतो. त्याची सगळी हयात एका वाक्यावर उभी आहे: घरात दमडी नव्हती म्हणून मी शाळा सोडली. गणितात हुशार होता, जमीन मोजणारा व्हायचं होतं. मास्तर दोनदा घरी येऊन गेले. अप्पांनी त्यांना रिकामे खिसे उलटे करून दाखवले, असं दादा सांगतो. सांगताना स्वतःचेही उलटे करतो. सोळाव्या वर्षी तो ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून चिकटला आणि चाळीस वर्षं तिथून हलला नाही. त्याच्या पगारावर माझी बायको शिकली, मास्तरीण झाली. हे मी तिच्याकडून क्वचित ऐकलं असेल, त्याच्याकडून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, आणि एकदा माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ऐकलं आहे.

दुरुस्तीवाल्याने गिटार टेबलावरच्या मऊ नमद्यावर ठेवली. कडेने हात फिरवला, मागची बाजू वास घेतल्यासारखी जवळ नेली, तारा पिळायच्या खुंट्या एकेक फिरवून पाहिल्या.

"छान आहे. कोणी रंगरंगोटी केलेली नाही, हे फार चांगलं. या बनावटीचं रूप वीसेक वर्षं बदललंच नव्हतं. साधारण सत्तर वर्षांची, असं लिहून देतो. गिऱ्हाईकाला मी ओळखतो, तेवढं त्याला पुरेल."

"साधारण?" दादा म्हणाला.

माझ्या बायकोने डोळे मिटले.

"चाळीस वर्षं काट्यावर बसलोय मी. भरलेला ट्रक यायचा, ड्रायव्हर म्हणायचा, साहेब, साधारण नऊ टन धरा. एकदाही धरलं नाही. नक्की साल सांगता येतं की नाही?"

"येतं. मागची पत्रा-पट्टी उघडली तर आतल्या भागांवर छाप असतात. पण गरज नाही हो."

"दादा, जाऊ दे ना," बायको म्हणाली. "साधारण चांगलंय."

"छोटी, साधारणवर तू शिकलीस का? तुझी फी मी साधारण भरत होतो?"

बायकोने दुरुस्तीवाल्याला पट्टी उघडायची खूण केली.

"उघडू नका म्हणते मी," टेबलाच्या कोपऱ्याशी हातात काठी धरून बसलेल्या सासूबाई बोलल्या. "उगाच स्क्रू हरवतील."

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात सासूबाईंनी स्क्रूची काळजी केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. दुरुस्तीवाल्याने हसून सगळे स्क्रू एका बशीत ठेवले आणि बशी त्यांच्याच हातात दिली. पट्टी निघाली. आत दोन गोल डब्या, त्यांना शिशाने झाळलेल्या तारा, आणि वर्षानुवर्षांची धूळ.

"एक आवाज कमी-जास्त करायची, दुसरी सुराची धार. आवाजाच्या डबीच्या पोटावर आकडे असतील. वाचा."

दादाने मान वाकवली. काट्यावर आकडा पुकारायची त्याची एक पद्धत होती, पलीकडच्या ट्रकलाही ऐकू जाईल अशी. तो त्या आवाजात म्हणाला:

"एक तीन सात! सात एक! तीन एक!"

"पहिले तीन कारखान्याचे. पुढचे दोन साल. शेवटचे दोन आठवडा."

आम्हाला हिशेब जमवायला वेळ लागला. दादाला लागला नाही. त्याचं गणित चांगलं होतं.

"एकाहत्तर," तो म्हणाला. "एकतिसावा आठवडा. म्हणजे ऑगस्टचा पहिला."

"बरोबर. भाग त्या आठवड्यातला, म्हणजे वाद्य त्यानंतरच बनलेलं. आधी बनणं शक्य नाही."

"मी त्याच जूनमध्ये काट्यावर लागलो," दादा म्हणाला. कोणालाच उद्देशून नाही. मग एकदम सावरला. "डबी नंतर बदललेली असणार! मूळची बिघडली असेल."

"असू शकतं. तारा जिथे झाळल्यात तिथे बघा. चकचकीत गोळा आहे की मंद, राखाडी?"

दादा बघेना. मी बघितलं. "मंद," मी म्हणालो. "राखाडी." आयुष्यात दिलेल्या साक्षींमध्ये ही सगळ्यात लहान होती आणि ती दिल्याचा मला अजून पश्चात्ताप आहे.

"मग कोणी हात लावलेला नाही. दुसऱ्या डबीवर काय आहे?"

"सात एक, दोन नऊ," मीच वाचलं.

"दोन आठवड्यांचा फरक. एकाच वेळी बसवलेल्या." दुरुस्तीवाला हळहळला. "किंमत चौथाईवर येईल. तरी मी म्हणत होतो, साधारण लिहू."

दादा अजून हरला नव्हता. "हिला वीसेक वर्षं मागे नेता नाही येणार? म्हणजे... लाकूड तर जुनं असेल?"

"लाकूड तर झाड उगवलं तेव्हापासूनचं असतं," दुरुस्तीवाला शांतपणे म्हणाला.

दादा सासूबाईंकडे वळला. "आई, अप्पांनी ही लग्नाआधी घेतली होती ना?"

सासूबाईंनी बशीतले स्क्रू बोटाने मोजले. सहाच्या सहा होते.

"लग्नाआधी पाहिली होती. दुकानाच्या काचेत."

"आणि घेतली कधी?"

"तुझा पगार सुरू झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. म्हणाले, आता घरात दुसरा कमावता आहे, एवढी एक हौस करतो. नवी कोरी होती. मीच म्हटलं, पोराला काय सांगाल? तर म्हणाले, मित्राकडे होती म्हणून सांगू."

"आणि तो मित्र?"

"मित्र कसला रे. त्यांना कुठे मित्र होते."

माझ्या बायकोने तोंडावर पदर धरला. "म्हणजे मास्तर आले तेव्हा घरात..."

"तेव्हा होते थोडे. याच्या शाळेला पुरले असते. त्यांनी ते हिच्यासाठी बाजूला ठेवले होते." सासूबाईंनी मान गिटारकडे केली. 'हिच्या' म्हणजे कोणाच्या, हे विचारावं लागलं नाही.

"पन्नास वर्षं झाली, आई. सांगायचंस ना."

"सांगणार होते. पण तू ते सगळीकडे सांगत सुटलास. लोक तुला मान देऊ लागले. छोटी तुझ्या पाया पडायची. तुला ते दुःख इतकं मानवलं होतं बाळा, मला मोडवेना."

दुरुस्तीवाला भिंतीवर टांगलेल्या बिनतारांच्या व्हायोलिनकडे पाहू लागला. भल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातलं ऐकू येत असलं की तो असाच काहीतरी पाहतो. माझी बायको पुढे झाली, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दादा, तुझ्या पैशाची आहे. मग ती तुझीच. विकू नकोस, घरी ने."

हे तिने प्रेमाने म्हटलं. पण वाक्य बाहेर पडल्यावर ते काय आहे हे तिलाही दिसलं आणि तिने हात मागे घेतला. त्या माणसाला आता घरी न्यायला मिळत होती त्याच्या शाळेची एक फळी, सहा तारांसकट.

दादाने पहिल्यांदाच गिटारला बोट लावलं. अप्पा कोणाला लावू देत नसत. तार वाजली, बेसूर, आणि बराच वेळ वाजत राहिली. त्याने तळवा ठेवून ती थांबवली.

"मग दाखल्यावर साल कोणतं लिहू?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

दादाचा चेहरा लाल होऊ लागला होता, मानेची शीर उडत होती. मी त्याला तीस वर्षं कंटाळलो आहे, हे खरं. जेवणाच्या ताटावर त्याचं ते वाक्य सुरू झालं की मी मीठ मागत असे. पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं, बोल. टेबल उलटं कर, त्या फळीचे दोन तुकडे कर, मेलेल्या माणसाला शिव्या घाल, आम्ही कोणी अडवणार नाही. माझ्या बायकोने श्वास रोखला होता. सासूबाई काठीवर भार देऊन ताठ बसल्या होत्या. वाट पाहत होत्या, बहुधा पन्नास वर्षांपासून.

"आई," दादा म्हणाला.

"बोल."

"तुझी काठी माझ्या पायावर टेकली आहे. जरा उचलतेस?"