लाल बाण

मी शर्टांतले दोष शोधते. कारखान्यात शिवून झालेला प्रत्येक शर्ट माझ्या टेबलावरून जातो. जिथं टाका सुटलाय किंवा कॉलर वाकडी बसलीये, तिथं मी नखाएवढा लाल बाण चिकटवते, टोक दोषाकडं करून. शिवणारीला तोंडानं काही सांगायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. तोंडानं सांगितलं की भांडण होतं. बाण दिसला की बाई गुपचूप शर्ट उसवायला घेते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळ्या म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकायला आवडतं.

तर अशा मला, सोमवारी अंघोळ करताना, डाव्या छातीला काखेच्या बाजूनं गाठ लागली. वाटाण्याएवढी. हात तिथंच थांबला. बादली भरून वाहत होती, तरी नळ बंद करायचं सुचलं नाही.

माझी आई अशाच गाठीनं गेली. तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्या एका वर्षासाठी मी तिच्यावर अजून चिडलेली आहे. आणि मी काय दिवे लावले? तोंडाला कुलूप. नवऱ्याला सांगावं तर तो चार दिवस जेवणार नाही, आणि त्याची समजूत काढायला परत मीच. सासूबाईंना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, भाजी चिरण्यावरूनसुद्धा वाजतं.

मंगळवारी गाठ सापडेना. बुधवारी सापडली. गुरुवारी पुन्हा गायब. मला वेड लागायची पाळी आली. कामावर शर्ट समोरून जात होते आणि मी कोपर अंगाशी दाबून दाबून गाठीचा अंदाज घेत होते. सुपरवायझर बाई म्हणाली, "आज सगळेच शर्ट पास? बरी आहेस ना?" मी म्हटलं, "शिवणाऱ्या सुधारल्यात."

शुक्रवारी गाठ हाताला लागली, तशी मी पर्समधल्या बाणांच्या कागदावरून एक बाण काढला आणि सरळ अंगावर चिकटवला, टोक गाठीकडं. डॉक्टरकडं गेलेच तर शोधाशोध नको. पण जायला पाय उचलेना. कुणी बघितलं की तिला नाव मिळणार, आणि ते नाव मला माहीत होतं.

शनिवारी सुट्टी. सासूबाई धुवायचे कपडे वेगळे करत होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि माझा आतला कपडा पुढं धरला. आतून लाल बाण चिकटलेला. अंगावरून सुटून कपड्याला लागला होता, आणि दोष शोधणाऱ्या बाईला त्याचा पत्ता नव्हता.

"हा चूक असते तिथं लावतात ना?" त्यांनी विचारलं.

"चिकटला असेल कसातरी."

"मी शिवण बघितली. उलटसुलट करून बघितली. कपड्यात काही नाही." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मग कशात आहे?"

थाप मारायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. रडत रडत सगळं सांगितलं. आता ही बाई चार शब्द सुनावणार म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

दवाखाना चार मजल्यांचा. सासूबाईंना बँकेत तीनदा विचारल्याशिवाय खिडकी सापडत नाही. इथं मात्र दुसरा मजला, डावीकडं, पिण्याच्या पाण्याच्या पुढचं दार, असं सरळ चालत गेल्या. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला स्वतःपलीकडं काही दिसतच नव्हतं.

बाकावर तासभर बसलो. त्यांनी माझा हात धरला होता, आणि दार उघडलं की त्यांची पकड आणखी घट्ट व्हायची. मला वाटलं, माझ्याच काळजीनं.

"आई, मला काही झालं तर..."

"गप बस. यम न्यायला आला तरी त्याच्यात चार चुका काढशील. तोच सोडून जाईल."

आत डॉक्टरबाईंनी तपासलं, मशीन फिरवलं, सुई घातली. सुईतून पाणी आलं आणि गाठ बसली. "पाण्याची होती. घाबरू नका, सहा महिन्यांनी दाखवून जा. पण आलात हे फार चांगलं केलंत."

मी बाहेर आले ती हसतेय की रडतेय माझं मलाच कळत नव्हतं. "आई, पाणी होतं. नुसतं पाणी." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला एकदम सडकून भूक लागली. म्हटलं, चला घरी. त्या उठल्या नाहीत.

"तो बाणांचा कागद आहे का पर्समध्ये?"

"आहे. का?"

"एक दे."

"माझ्या भाजीला लावणार का आता?" मी हसून म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. हात तसाच पुढं. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "या दारापर्यंत तीनदा येऊन परत गेले. तोंडानं सांगता येत नाही गं मला."

मी कागदावरून बाण सोडवायला गेले, पण रोज शेकडो बाण सोडवणाऱ्या मला तो नखात येईना. शेवटी त्यांनीच सोडवून घेतला. भिंतीकडं तोंड केलं, कपड्याच्या आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

माझी मला एक दिवस सापडायची, एक दिवस नाही. त्यांना चाचपावंसुद्धा लागलं नाही.